बाण कुठून निघाला?

ऑरगॅनिक केमिस्ट्री हा पाठांतराचा विषय, ही समजूत मुलांमध्ये पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. फिजिकलला गणित लागतं, ऑरगॅनिकला स्मरणशक्ती, असं सीनियर मुली हॉस्टेलच्या जिन्यात बसून सांगायच्या आणि झेरॉक्सचा एक गठ्ठा हातात ठेवायच्या. डावीकडे अभिक्रियांची नावं, उजवीकडे कशात काय घातलं की काय मिळतं ते. कॅनिझारो, पर्किन, क्लायझेन, रिफॉर्मॅट्स्की, बेकमन, वुल्फ-किश्नर. सांगली, परभणी, चोपडा, मंचर अशा गावांहून पुण्याला एम.एस्सी.ला आलेल्या आम्ही मुली सकाळी बादल्या घेऊन रांगेत उभ्या राहायचो तेव्हाही ओठांवर हीच नावं असायची. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. आमच्यातल्या बहुतेकजणी घरातल्या पहिल्या पदवीधर होत्या, आणि पाठांतराच्या जोरावरच इथवर आलेल्या होत्या. त्यामुळे गठ्ठा जाड असला तरी त्याची भीती वाटत नव्हती.

ऑरगॅनिक शिकवणाऱ्या मॅडमनी पहिल्या तासाला त्या गठ्ठ्याचं नावही काढलं नाही. ठेंगण्या, सुती साडी, खांद्याला शबनम, आणि त्या शबनममध्ये स्वतःचा खडूंचा डबा. विभागातले खडू फळ्यावर करकरतात म्हणून त्या स्वतः विकत आणायच्या. रेणूचा सांगाडा पांढऱ्या खडूनं आणि बाण तांबड्यानं, हा त्यांचा शिरस्ता कधी मोडला नाही. त्या दिवशी त्यांनी फळ्यावर एक आल्डिहाइड काढलं, शेजारी एक हायड्रॉक्साइड, आणि तांबडा खडू पुढच्या बाकावरच्या मुलाच्या हातात देऊन म्हणाल्या, "काढ बाण."

त्यानं काढला. मॅडमनी विचारलं, "कुठून निघाला?"

पुढे सगळा अभ्यासक्रम या एका प्रश्नाभोवती फिरला. वक्र बाण ही रसायनशास्त्रातली तशी अलीकडची गोष्ट आहे. 1922 साली केरमॅक आणि रॉबर्ट रॉबिन्सन यांनी एका शोधनिबंधात तो पहिल्यांदा वापरला. इलेक्ट्रॉनची जोडी इथून उठली आणि तिथे जाऊन बसली, एवढंच तो सांगतो. बाणाचं शेपूट जिथे इलेक्ट्रॉन आहेत तिथे हवं आणि टोक जिथे त्यांची उणीव आहे तिथे. ऐकायला हे इतकं सोपं आहे की कुणी वहीत लिहूनसुद्धा घेत नाही. आणि तरीही दर वर्षी अर्धा वर्ग प्रोटॉनपासून ऑक्सिजनकडे बाण काढतो, कारण प्रोटॉन ऑक्सिजनला जाऊन चिकटतो हे पाठ असतं. मॅडम तेव्हा शांतपणे विचारायच्या, "प्रोटॉनकडे द्यायला काय आहे?" वर्ग गप्प. त्याच्याकडे एकही इलेक्ट्रॉन नाही. ज्याच्याकडे काहीच नाही तो देणार काय? द्यायचं ते ऑक्सिजननं, आणि म्हणून बाण निघायचा तो ऑक्सिजनपासून.

चुकीचं उत्तर त्या खोडत नसत. त्यांची ही रीत मी पुढे कुठल्याच वर्गात पाहिली नाही. मराठवाड्यातून आलेला एक मुलगा होता, उंच, बुजरा, इंग्रजीत प्रश्न आला की मान खाली घालणारा. त्यानं एकदा हायड्रॉक्साइडचा बाण कार्बोनिलच्या कार्बनवर बरोबर नेला आणि तिथेच थांबला. कार्बन आणि ऑक्सिजनमधला दुहेरी बंध तसाच राहिला. मागच्या बाकांवर खसखस पिकली. मॅडमनी मागे नुसतं पाहिलं, आणि त्या मुलाला म्हणाल्या, "बरं. पुढे?" तो पुढे लिहीत गेला. पाण्याचा रेणू आला, प्रोटॉन इकडचा तिकडे झाला, फळ्याचा निम्मा भाग भरला. मॅडम बाजूला उभ्या राहून प्रत्येक पायरीला मान हलवत होत्या, जणू तो जिथे नेईल तिथे जायची त्यांची तयारी होती. शेवटी काही जमेना तेव्हा त्यांनी पुन्हा पहिल्या आकृतीकडे बोट केलं. "या कार्बनला हात किती?" मुलानं मोजले. एक, दोन, तीन, चार, पाच. पाचवर त्याचा आवाज थांबला. मग कुणी काही न सांगता त्यानं तांबडा खडू उचलला आणि दुहेरी बंधातून ऑक्सिजनकडे राहून गेलेला तो एक बाण काढला. तास संपला होता, डब्याची वेळ झाली होती, पण कुणी उठलं नाही.

चूक सांगून टाकली असती तर अर्ध्या मिनिटाचं काम होतं. पण मग त्या मुलाला मॅडमचं उत्तर मिळालं असतं, त्याचं नसतं मिळालं. कार्बनला चार हात असतात हे आम्ही शाळेत शिकलो होतो, परीक्षेत लिहिलं होतं, त्याचे मार्कही घेतले होते. ते खरं असतं आणि त्याला कुणीही वळसा घालू शकत नाही, हे त्या दिवशी कळलं.

पुस्तकं तेव्हा मोजकी होती. मॉरिसन-बॉइड विभागाच्या कपाटात, फायनार सेकंडहँड, जेरी मार्च ग्रंथालयात बसूनच वाचायचं. पीटर साइक्सचं मेकॅनिझमवरचं लहानसं पुस्तक मात्र मॅडम स्वतःच्या प्रती वाटून वाचायला लावायच्या. प्रत परत करताना मधल्या एखाद्या पानावरचा प्रश्न विचारायच्या, म्हणून ते खरोखर वाचलं जायचं.

प्रॅक्टिकलला विषयाचं दुसरं अंग दिसे. तिथे वास होते. पिरिडीनचा वास साबणानं जात नाही. ब्युटिरिक ॲसिडची बाटली उघडली की मजल्यावरच्या सगळ्या खिडक्या उघडल्या जायच्या. संध्याकाळी पीएमटीच्या बसमध्ये आमच्या शेजारची माणसं हळूच दुसऱ्या बाकावर जाऊन बसायची. पण मिथाइल सॅलिसिलेट केलं त्या दिवशी सगळ्या लॅबला मुरगळल्यावर चोळायच्या मलमाचा वास आला होता, आणि एकजण म्हणाली होती, आज आजीची आठवण झाली.

सगळ्यांत जास्त ओढ लागायची ती लॅसेनच्या परीक्षेची. दिलेल्या पदार्थात नायट्रोजन आहे का, हे शोधायचं. रॉकेलमध्ये बुडवून ठेवलेला सोडियम चिमट्यानं काढायचा, टिपकागदावर कोरडा करायचा, चाकूनं मुगाएवढा तुकडा कापायचा. कापल्यावर आतला भाग क्षणभर चांदीसारखा चकाकतो आणि बघता बघता काळवंडतो. तो तुकडा बारीक काचनळीत, वर चिमूटभर पदार्थ, आणि नळी बर्नरवर तांबडी लाल होईपर्यंत. मग ती तशीच धगधगती ऊर्ध्वपातित पाण्याच्या बशीत सोडायची. फट् असा आवाज होऊन काच फुटते. पाणी उकळायचं, गाळायचं, फेरस सल्फेट घालून पुन्हा उकळायचं, आणि गार झाल्यावर आम्लाचे थेंब. हिरवट, मळकट द्रावणात अचानक निळा रंग उतरतो. प्रशियन ब्लू. मॅडम मागून यायच्या, परीक्षानळी उजेडाकडे धरायच्या आणि स्वतःशीच "वा" म्हणायच्या. आयुष्यभरात किती वेळा त्यांनी तो निळा पाहिला असेल. तरी दर वेळी नळी खिडकीकडे धरली जायचीच.

एकदा त्यांनी वर्गात दोन लहान बाटल्या फिरवल्या. नावं झाकलेली. डोळे मिटून वास घ्या म्हणाल्या. एकीत च्युइंगमचा, स्पिअरमिंटचा थंडगार वास. दुसरीत काहीतरी ओळखीचं, उष्ण, घरातलं. मंचरची मुलगी पटकन म्हणाली, "बाळंतशोपा!" बरोबर होतं. दोन्ही बाटल्यांत कार्व्होनच होतं. तेच अणू, त्याच क्रमानं जोडलेले. फरक एवढाच की एक रेणू दुसऱ्याची आरशातली प्रतिमा, एकावर एक ठेवले तर जुळणार नाहीत असे. कागदावर काढले तर एका कार्बनवरची एक रेघ पुढे की मागे, इतकाच भेद. आणि आपल्या नाकाला तो ओळखता येतो, कारण नाकात वास टिपणारे रेणूही एका हाताचेच असतात. स्टिरिओकेमिस्ट्रीत अशा दोन रूपांना दिलेल्या आर आणि एस या नावांनी तोवर जीव नकोसा केला होता. त्या दोन बाटल्यांनंतर आर-एस ठरवताना बोटं चालायला लागली. आपण काहीतरी खरंच असलेलं मोजतो आहोत अशी खात्री झाली होती.

मला मात्र सगळ्यांत जवळचा वाटतो तो हळदीचा तास. मी सांगलीची. वडील हळदीच्या अडतीवर कारकून होते. हंगामात त्यांच्या शर्टाच्या बाह्या कितीही धुतल्या तरी पिवळ्याच राहायच्या. राजापुरी हळकुंडं, सौद्यातली गर्दी, हरिपूरची जमिनीखालची पेवं, हे माझं लहानपण. त्या दिवशी मॅडमनी शबनममधून हळदीची पुडी काढली, स्पिरिटमध्ये चिमूटभर हलवली आणि गाळून घेतली. पिवळंधमक द्रावण. मग चुन्याची निवळी, थेंब थेंब. पिवळा जाऊन तांबडा आला. वर्गात कुणालाच नवल वाटलं नाही, कारण मुका मार लागल्यावर हळद-चुन्याचा लेप प्रत्येकानं लावून घेतला होता आणि तो लाल होतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. मॅडम म्हणाल्या, "लाल होतो हे आईनं सांगितलं. का होतो ते कोण सांगेल?"

कुणी सांगेना. त्यांनी करक्युमिनची रचना फळ्यावर काढली. दोन टोकांना दोन बेंझिनची वलयं, त्यांवर हायड्रॉक्सिल, आणि मध्ये दोन कार्बोनिल, एकमेकांपासून एक कार्बन अंतरावर. ही रचना 1910 साली ठरली. मधला भाग कीटो आणि ईनॉल अशा दोन रूपांत असू शकतो, यालाच टॉटोमेरिझम म्हणतात, आणि करक्युमिनमध्ये तो ईनॉल रूपात राहणं पसंत करतो. चुना टोकाचे प्रोटॉन काढून घेतो, ऑक्सिजनवर उरलेले इलेक्ट्रॉन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पसरतात आणि रेणू आता वेगळा प्रकाश शोषतो. तांबडा खडू या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होता, आणि मी वडिलांच्या बाह्यांचा विचार करत होते. मग त्यांनी लिंबू पिळलं. पुन्हा पिवळा. "प्रोटॉन परत मिळाले," त्या म्हणाल्या.

तिथून त्या एकदम बेकर-वेंकटरामन अभिक्रियेवर आल्या. तिच्यातही असंच मध्ये एक कार्बन ठेवून दोन कार्बोनिल तयार होतात, आणि पुढे त्यांपासून फ्लॅव्होन मिळतात, म्हणजे कितीतरी फुला-पानांमधल्या पिवळ्या रंगांचं कुळ. झेरॉक्सच्या गठ्ठ्यात ते नाव होतं, पण त्या सगळ्या युरोपीय नावांच्या गर्दीत ते आपलं आहे हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं. कृष्णस्वामी वेंकटरामन मद्रासकडचे. मँचेस्टरला रॉबर्ट रॉबिन्सन यांच्याकडे शिकलेले, ज्यांनी तो बाण पहिल्यांदा काढला त्याच रॉबिन्सन यांच्याकडे. 1933 साली, लाहोरच्या कॉलेजात शिकवत असताना, त्यांनी ही अभिक्रिया मांडली. इंग्लंडमध्ये विल्सन बेकर स्वतंत्रपणे तिथेच पोचले होते. पुढे वेंकटरामन मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात, म्हणजे यूडीसीटीत आले, रंगांच्या रसायनावर त्यांनी मोठा ग्रंथ सिद्ध केला, आणि 1957 साली पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे, म्हणजे एनसीएलचे पहिले भारतीय संचालक झाले. म्हणजे पाषाण रस्त्यावर, जिथे आम्ही जर्नल्स चाळायला ग्रंथालयात जात होतो, तिथे. मॅडमनी खिडकीतून त्या दिशेला हात केला. आमच्यातल्या कितीतरीजणांनी मान वळवून खरोखर बाहेर पाहिलं.

सर्पगंधेचंही त्यांनी असंच केलं. 1949 साली मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेनं रक्तदाब उतरतो हे ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये लिहिलं. 1952 साली मुळांमधून रिसर्पिन वेगळं झालं आणि 1956 साली वुडवर्ड यांनी ते प्रयोगशाळेत बांधून दाखवलं. ते संश्लेषण मॅडम सावकाश, कितीतरी तास घेऊन शिकवायच्या. आधी तयार रेणू फळ्यावर मांडायचा आणि मग मागे मागे जायचं. हा बंध कुठून आला असेल? त्याआधी इथे काय असेल? मुलं थकून जायची. मला मात्र ते तास कधी लांबले असं वाटलं नाही.

हे सगळं सगळ्यांना आवडत होतं असं म्हटलं तर ते खोटं होईल. मॅडमचा पोर्शन पूर्ण होत नसे. वर्गात एका मुलीनं एकदा उठून सांगितलं होतं की मला काहीच कळत नाही. "कुठपर्यंत कळलं?" असं त्यांनी विचारलं, आणि दुसऱ्या दिवशी त्या सगळ्या वर्गाला घेऊन तिथपर्यंत मागे गेल्या. हे मन मोठं करणारं होतं, पण त्याची किंमत सत्राच्या शेवटी द्यावी लागली. हेटरोसायकल्सचा भाग राहून गेला आणि पेपरात इंडोलचा प्रश्न आला. ज्यांना घरून पैसे यायचे नाहीत, ज्यांना पहिला वर्ग मिळाला नाही तर फेलोशिपची आशा नव्हती, त्यांना ते मार्क परवडणारे नव्हते. चोपड्याच्या माझ्या मैत्रिणीनं निकालाच्या दिवशी झेरॉक्सचा तो जुना गठ्ठा काढून माझ्यासमोर ठेवला. इंडोल त्यात होतं. ती काही बोलली नाही. मलाही तिला सांगण्यासारखं काही सुचलं नाही.

2022 च्या ऑक्टोबरात अमेरिकेतली एक बातमी वाचताना ती मला आठवली. मेटलँड जोन्स नावाचे चौऱ्याऐंशी वर्षांचे प्राध्यापक. प्रिन्स्टनमध्ये चार दशकं शिकवून निवृत्त झालेले, ऑरगॅनिकवरचा जाडजूड ग्रंथ लिहिलेले, नुसत्या व्याख्यानाऐवजी मुलांकडून प्रश्न सोडवून घेण्याची पद्धत रुजवणारे. निवृत्तीनंतर ते न्यूयॉर्क विद्यापीठात शिकवत होते. 350 मुलांच्या वर्गातल्या 82 जणांनी अर्ज केला की कोर्स फार अवघड आहे, आमचे कष्ट गुणांमध्ये दिसत नाहीत. त्यांना काढून टाका असं अर्जात कुठेही नव्हतं. तरी विद्यापीठानं त्यांचा करार संपवला. तिथे डॉक्टर व्हायचं तर ऑरगॅनिकच्या उंबरठ्यावरूनच आत जावं लागतं, त्यामुळे त्या 82 जणांच्या रात्री कशा गेल्या असतील याची मला पुरती कल्पना आहे. कोविडच्या दोन वर्षांनी त्यांची शाळा आणि लॅब दोन्ही हिरावून घेतली होती. आपली अडचण त्यांनी लिहून दिली यात त्यांचं काहीच चुकलं नाही. पण करार संपवून विद्यापीठानं जे केलं ते मला अजून पटत नाही. मुलांना हवे होते जास्त तास, जास्त माणसं, चुकलेल्या पायरीवर थांबायला कुणीतरी. त्याऐवजी एक शिक्षक गेला. पुढच्या वर्षीच्या मुलांपुढेही कार्बन चार हातांचाच राहणार होता. पाचव्या हाताची मुभा कुठलंच विद्यापीठ देऊ शकत नाही, आणि मुलाला तिथपर्यंत चालत नेणारं माणूस फार थोड्या वर्गांना लाभतं.

मॅडम आता नाहीत. आमच्यातला तो मराठवाड्याचा मुलगा हैदराबादच्या एका औषध कंपनीत प्रोसेसचं काम बघतो. कुठल्याही बॅचमध्ये नको असलेलं संयुग दिसलं की तो आधी कागद घेऊन बाण काढत बसतो, असं त्याच्या हाताखालची मुलं मला एका लग्नात सांगत होती. मंचरची मुलगी परदेशी गेली. चोपड्याची मैत्रीण गावाकडेच कॉलेजात शिकवते. तिचा पोर्शन जानेवारीत संपतो, फेब्रुवारीत उजळणी होते, आणि तिची मुलं चांगले मार्क काढतात. मॅडमवरचा तिचा राग गेलेला नाही. आम्ही भेटलो की इंडोलचा विषय निघतोच, आणि तिचं म्हणणं खरं आहे हे मी कबूल करते, पुन्हा त्याच वर्गात बसायला मिळालं तर मी आनंदानं बसेन हेही सांगते. त्यावर आमचं आजवर एकमत झालेलं नाही.

यंदा टॉटोमेरिझम शिकवायच्या आदल्या रात्री तिचा फोन आला. "अगं, मॅडमनी हळद पाण्यात घातली होती का स्पिरिटमध्ये? माझं नुसतंच गढूळ होतंय."

"स्पिरिटमध्ये. आणि गाळून घे. मग निवळी, थेंबाथेंबानं."

"आणि लिंबू शेवटी?"

"शेवटी. पण त्याआधी मुलांना विचार, काय होईल म्हणून."

ती हो म्हणाली. बाजारची पूड भेसळीची असते अशी तिची तक्रार होती, म्हणून सांगलीहून अर्धा किलो हळकुंडं तिला कुरिअर केली. ती येईपर्यंत तिनं तो तास दोन दिवस पुढे ढकलला.